वनस्पतिद्रव्ये आणि शरीरातील संदेश

झाडपाल्याच्या औषधाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, हे औषध निसर्गाने दिलेले आहे. त्याने गुण येईल, आणि न आला तरी अपाय खचित होणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पाल्यामुळ्यांत कसले आले आहे सामर्थ्य? गुण आला असे वाटते, तो केवळ मनाचा समज. ही मते परस्परविरुद्ध दिसतात खरी. परंतु वनस्पतीतील द्रव्य शरीरात शिरल्यावर नेमके काय करते, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारलेलाच नसतो. गेल्या सव्वाशे वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, ती पाहिली म्हणजे दोघांनाही आपापली भूमिका थोडी बदलावी लागते. मी वैद्य नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. सरकारी कचेरीत कागदपत्रे हाताळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली असा एक माणूस आहे. परंतु ज्याला कचेरीचा कारभार ठाऊक आहे, त्याला शरीराचा कारभार समजणे फारसे अवघड जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आपले शरीर म्हणजे लाखो कोटी पेशींचे एक अवाढव्य राज्य आहे. या राज्यात हुकूम पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. तो दूरध्वनीसारखा आहे. एका ठिकाणाहून निघालेला संदेश तारेवरून नेमक्या दुसऱ्या ठिकाणी जातो आणि क्षणार्धात काम होते. दुसरा मार्ग रक्ताचा. तो परिपत्रकासारखा आहे. एखादी ग्रंथी एक द्रव्य रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर अंगभर फिरते. सर्व पेशींपर्यंत पोहोचते. परंतु ज्या पेशींचा त्या विषयाशी संबंध असतो, त्याच त्याची दखल घेतात. बाकीच्या पेशी ते वाचीतही नाहीत. या रक्तवाही संदेशद्रव्यांना आपण अंतःस्राव, संप्रेरक किंवा सरळ हॉर्मोन असे म्हणतो.

हा दुसरा मार्ग आहे हेच मुळी १९०२ सालापर्यंत कोणाला निश्चितपणे ठाऊक नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू तोडून टाकले आणि त्या भागात आम्ल सोडले. मज्जातंतू तुटल्यामुळे स्वादुपिंडाला वर्दी जाण्याचा मार्गच उरला नव्हता. तरीही स्वादुपिंडाचा रस पाझरू लागला. मग त्यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क काढून तो रक्तात टोचला, आणि पुन्हा तोच परिणाम दिसला. याचा अर्थ असा, की संदेश रक्तातून गेला होता. अशा द्रव्यांसाठी स्टार्लिंगने १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द योजला. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून तो बनवलेला आहे. आपल्या ‘संप्रेरक’ या शब्दाने तोच अर्थ नेमका उचलला आहे.

परंतु परिपत्रक आपल्यासाठी आहे की नाही, हे पेशीला कसे कळते? गंमत अशी, की याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या हाती जी साधने होती, ती वनस्पतींनीच पुरवलेली होती. केंब्रिज येथील लँग्ली याने १९०५ साली कोंबडीच्या स्नायूंवर दोन द्रव्यांचे प्रयोग केले. एक तंबाखूतील निकोटिन, आणि दुसरे दक्षिण अमेरिकेतील आदिवासी ज्यात आपल्या बाणांची टोके बुडवीत ते क्युरारे. निकोटिनने स्नायू आकुंचन पावे. त्याचा मज्जातंतू तोडून निकामी केला तरीही पावे. परंतु क्युरारे दिल्यावर ते आकुंचन थांबे. लँग्लीने अनुमान काढले, की स्नायूच्या पेशीतच असे काही आहे, की ज्याला ही दोन्ही द्रव्ये जाऊन चिकटतात. एक त्याला जागे करते आणि दुसरे त्याची जागा अडवून बसते. त्या ‘काही’लाच आज आपण ग्राही म्हणतो. ग्राही हे प्रथिन असते, आणि त्याला कुलपाची उपमा देण्याचा प्रघात आहे. विशिष्ट घडणीचा रेणू आला तरच ते उघडते. ज्या पेशीजवळ ते कुलूप आहे तिलाच तो हुकूम लागू.

आता आपल्या विषयाचे मर्म हाती आले. वनस्पतीतील द्रव्याला स्वतःची अशी कोणतीही गूढ शक्ती नसते. ते आपल्या शरीरात काही करू शकते ते एवढ्याचसाठी, की त्याची घडण शरीराच्या एखाद्या संदेशद्रव्याशी मिळतीजुळती असते, किंवा त्या संदेशाच्या वाटेवरील एखादी कडी त्याच्या हाती लागते. वनस्पतीने ही द्रव्ये आपल्या हितासाठी केलेली नाहीत. झाडाला पळता येत नाही. किडे आणि चरणारी जनावरे यांच्यापासून त्याला जागच्या जागी राहून स्वतःचा बचाव करावा लागतो. तंबाखूचे रोप निकोटिन बनवते ते किड्यांचे मज्जातंतू बिघडवण्यासाठी. परंतु किडा आणि माणूस यांच्या मज्जातंतूंमध्ये चालणारी भाषा बऱ्याच अंशी एकच आहे. जीवसृष्टीचे मूळ एक असल्याचा हा पुरावाच. म्हणून किड्यासाठी घडवलेली किल्ली आपल्याही कुलपात शिरते.

अशी किल्ली निरनिराळ्या प्रकारांनी काम करते. पहिला प्रकार अनुकरणाचा. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याचे श्रेय झेर्टुर्नर या जर्मन औषधविक्याला दिले जाते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे मॉर्फिन वेदना शमवीत राहिले, पण कसे ते कोणाला सांगता येईना. १९७३ साली मेंदूत मॉर्फिनचे ग्राही सापडले. तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला: माणसाच्या मेंदूने खसखशीच्या बोंडासाठी कुलूप कशाला करून ठेवावे? कुलूप असेल तर शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी ती शोधून काढली. मेंदू स्वतःच वेदनाशामक द्रव्ये निर्माण करतो; मॉर्फिन केवळ त्यांची नक्कल करते. व्यसन का लागते, याचाही उलगडा यातून काही अंशी होतो. बाहेरून नकली हुकूम सतत येऊ लागले, की पेशी त्यांना दाद देईनाशा होतात आणि मात्रा वाढवावी लागते. आणि ते हुकूम एकाएकी बंद झाले, की सारा कारभारच कोलमडतो.

दुसरा प्रकार जागा अडवण्याचा. याचे घरोघरी दिसणारे उदाहरण म्हणजे चहा आणि कॉफी. आपण जागे असतो तसतसे मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि आपल्या ग्राहींवर बसून ‘आता विश्रांती घ्या’ असे सुचवते. चहाकॉफीतील कॅफीन त्या ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चेतवीत मात्र नाही. म्हणजे चहाने थकवा जात नाही. थकव्याची वर्दी तेवढी अडवली जाते. धोत्र्याचे कृत्य याच जातीचे, पण भयंकर. धोत्र्यातील ॲट्रोपिन आणि त्याची भावंडे ॲसिटिलकोलिन या मज्जासंदेशद्रव्याची जागा अडवतात. मग तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते, माणूस बरळू लागतो, आणि प्रसंगी प्राणास मुकतो. परंतु हेच ॲट्रोपिन, शुद्ध स्वरूपात आणि मोजून, ग्रामीण रुग्णालयांत प्राण वाचवण्यासाठी वापरले जाते. शेतावर फवारण्याच्या कित्येक कीटकनाशकांनी अंगात ॲसिटिलकोलिनचा पूर लोटतो. तेव्हा त्याची जागा अडवणारे ॲट्रोपिन हाच तातडीचा उतारा ठरतो. विष कोणते आणि औषध कोणते, हे वस्तूवरून ठरत नाही. प्रसंगावरून आणि मात्रेवरून ठरते.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यातील वस्तू आपल्या घरच्या बटव्यातली आहे. खोकल्यावर किंवा घसा बसल्यावर जेष्ठमधाची कांडी चघळणे आपल्याला नवे नाही. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टराने जठरातील व्रणाच्या रोग्यांना जेष्ठमधाचा अर्क दिला. व्रणांना गुण आला. परंतु काही रोग्यांच्या अंगावर सूज चढली. याचे कारण नीट उलगडण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले.

ते कारण असे. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथी, तिच्यातून अल्डोस्टेरोन नावाचे हॉर्मोन सुटते. ते मूत्रपिंडाला हुकूम देते, की मीठ राखून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक. याच ग्रंथीतून कॉर्टिसोल हे दुसरे हॉर्मोन सुटते आणि ते रक्तात अल्डोस्टेरोनच्या शेकडो पट अधिक असते. आता अडचण अशी, की मूत्रपिंडातील ग्राहीला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. मग सारा वेळ कॉर्टिसोलच तेथे ठाण मांडून का बसत नाही? कारण त्या पेशींत एक पहारेकरी नेमलेला आहे. तो एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. येणाऱ्या कॉर्टिसोलचे तो निरुपद्रवी कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करतो आणि अल्डोस्टेरोनला मात्र वाट देतो. जेष्ठमधातील मधुर द्रव्यापासून शरीरात जे आम्ल तयार होते, ते या पहारेकऱ्याचे हात बांधून टाकते. मग कॉर्टिसोल बेधडक आत शिरते, अंगात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की जेष्ठमध स्वतः हॉर्मोनची नक्कल करीत नाही. हुकूम शरीराचाच; फक्त तो भलत्या खात्यात बजावला जातो.

एखाद्या दिवशी घशासाठी चघळलेल्या कांडीने असे काही होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु हृदयविकाराचे एखादे वृद्ध गृहस्थ कल्पनेपुढे आणा. डॉक्टरांनी त्यांना डिगॉक्सिन दिले आहे. हे डिगॉक्सिनही मूळचे वनस्पतिजन्यच. ज्या फॉक्सग्लोव्ह वर्गातील झाडांपासून ते मिळते, त्यांपैकी एकाचे गुण विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ साली ग्रंथ लिहून जगापुढे मांडले होते. याच गृहस्थांनी कोणाच्या सांगण्यावरून जेष्ठमधाचे चूर्ण महिनोन् महिने भरपूर प्रमाणात चालू ठेवले, तर अंगातले पोटॅशियम घटते. आणि पोटॅशियम घटले, की डिगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा विषासारखी वागू लागते. दोन्ही वस्तू झाडांच्याच. पण एकत्र आल्या की त्यांचे पटत नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘आणखी काही घेता का?’ तर हे गृहस्थ सहजपणे ‘नाही’ म्हणणार. कारण जेष्ठमधाला ते औषध समजतच नाहीत.

चौथा प्रकार कोठार रिकामे करण्याचा, आणि त्याची कथा सर्वस्वी आपल्या देशातली आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षे सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर वापरात होती. १९३१ साली कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीला सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अनेक द्रव्ये वेगळी काढली, आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. परंतु साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी. आपल्या रोग्यांचे पद्धतशीर निरीक्षण करून त्यांनी १९४९ साली एका ब्रिटिश हृदयविज्ञानविषयक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतील रेसर्पिन हे मुख्य द्रव्य हाती लागले.

रेसर्पिन करते काय? मज्जातंतूंच्या टोकांशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत संदेशद्रव्ये साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे दारच बंद करते. नवा साठा आत जात नाही आणि बाहेर राहिलेला माल नासून जातो. रक्तवाहिन्यांना आवळून धरण्याचा हुकूम देणारे नॉरॲड्रेनलिन असे संपले, की वाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. परंतु हीच कोठारे मेंदूतही आहेत. तेथील साठा ओसरला, की काही माणसे खिन्न होतात, तर काहींच्या हालचाली मंदावून अंग ताठरते. पुढे रक्तदाबावर अधिक निर्धोक औषधे निघाली आणि रेसर्पिन मागे पडले.

तरीही त्याचे कार्य संपले नव्हते. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चल होऊन पडले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य दिले, की ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. यातूनच कंपवातावरील आजच्या प्रमुख उपचाराची वाट निघाली, आणि २००० साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. योगायोग असा, की हेच एल-डोपा आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. म्हणजे एका भारतीय मुळीने कोठार रिकामे करून दाखवले, आणि ते भरण्याचा माल दुसऱ्या वेलीत आधीपासूनच पडून होता. पण तो तसा आहे हे कळण्यासाठी कोठार म्हणजे काय, हे आधी कळावे लागले.

स्त्रीच्या शरीरातील ईस्ट्रोजेन या हॉर्मोनची नक्कल करणारी द्रव्येही वनस्पतींत आढळतात. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे कळप गाभण राहीनासे झाले. शोधाअंती दोष त्या ज्या क्लोव्हर गवतावर चरत होत्या त्याच्याकडे निघाला. सोयाबीनमध्ये त्याच कुळातील द्रव्ये आहेत. ती आपल्या स्वतःच्या हॉर्मोनपेक्षा पुष्कळच दुर्बळ असतात, आणि माणूस काही मेंढीप्रमाणे दिवसभर एकच चारा खात नाही. म्हणून आहारातील सोयाबीनला भिण्याचे कारण नाही. शिवाय ईस्ट्रोजेनचे ग्राही दोन जातींचे असून त्यांपैकी दुसरा १९९६ साली उजेडात आला. सोयाबीनची द्रव्ये या दुसऱ्याकडे अधिक ओढ घेतात. सोयाबीनच्या एका द्रव्याचे अधिक प्रभावी रूप आतड्यातील जंतू तयार करतात, आणि हे जंतू सर्वांच्या आतड्यांत असतातच असे नाही. तेव्हा एकाच पदार्थाचा अनुभव शेजारणीला एक आणि आपल्याला दुसरा येतो, त्यात नवल नाही.

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेक्सिकोतील एका रानकंदापासून रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात प्रोजेस्टेरोन हे हॉर्मोन मोठ्या प्रमाणात तयार करून दाखवले, आणि संततिनियमनाच्या गोळीचा मार्ग त्यातून मोकळा झाला. यावरून कंद खाल्ला म्हणजे हॉर्मोन मिळाले, असा अर्थ काही जण काढतात. पण ते रूपांतर प्रयोगशाळेतील भांड्यांत झालेले आहे. आपल्या शरीरापाशी ते करण्याचे साधनच नाही. कापूस खाऊन अंगावर धोतर येत नाही, तसेच हे.

या साऱ्यावरून काय निष्पन्न होते? झाडपाल्यात सामर्थ्य नाही असे म्हणणाऱ्याला सर्पगंधा आणि अफू उत्तर देतात. झाडपाल्याने अपाय होत नाही असे म्हणणाऱ्याला धोत्रा आणि जेष्ठमध उत्तर देतात. वस्तुतः गुण आणि अपाय ही दोन निराळी सामर्थ्ये नव्हेतच. ज्या कुलपात शिरून द्रव्य गुण देते, त्याच कुलपात शिरून ते अपाय करते. ज्याने कधीच कोणाला अपाय होऊ शकत नाही, अशा वस्तूने कोणाला गुण येण्याची आशाही फारशी नसते. प्रश्न निसर्ग की कारखाना, हा नाहीच. कोणते द्रव्य, किती, कोणाला, किती दिवस आणि दुसऱ्या कशाबरोबर, हे खरे प्रश्न आहेत. आपल्या जुन्या वैद्यांनाही हे प्रश्न ठाऊक होते. मात्रा, काल आणि प्रकृती यांचा विचार केल्याखेरीज ते औषध योजीत नसत. त्यांच्या नावावर आज पुड्या आणि बाटल्या विकत घेणारे आपण मात्र तो विचार सोडून देतो.

म्हणून शेवटी एक साधी विनंती. आपण इंदुरास असा की नागपुरास, दिल्लीस असा की पणजीस, डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाल तेव्हा घेत असलेल्या साऱ्या गोष्टी त्यांना सांगा: गोळ्या, चूर्णे, काढे आणि आजीच्या बटव्यातले जे काही असेल ते. घरात वृद्ध माणसे असतील, गरोदर स्त्री असेल, रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा थायरॉइडचा रोगी असेल, तर त्यांच्या वतीने आपण सांगा. आपल्या शरीराचा कारभार रात्रंदिवस निमूटपणे चाललेला असतो. त्यात बाहेरून कोणाचे हुकूम येऊन पडत आहेत, याची नोंद निदान एका जाणत्या माणसापाशी असावी.